घरटी एक नोकरी

बाबा,

असाल तिथे आधी खाली बसा, मग वाचा. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली आणि एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही धड बोलले नाही. बोलायला गेले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती. आज रविवार आहे. आई मावशीबरोबर अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला गेलीय. घरात कोणी नाही, तेव्हा आजच सांगून टाकते.

परवा शुक्रवारी मी आपल्या शेतात उभी राहून कॅमेऱ्यासमोर म्हणाले, "मी मुलुंडहून इथे आले तेव्हा इथे काहीच नव्हतं."

तीनदा म्हणाले. पहिल्यांदा ट्रकचा हॉर्न वाजला, दुसऱ्यांदा माझी ओढणी उडाली, तिसऱ्यांदा आमचे गोडाऊनचे साहेब म्हणाले, "परफेक्ट." शेत म्हणजे आता गोडाऊनच्या मागची काँक्रीटची पट्टी आहे, पण भात निघाल्यावर तुम्ही वाल पेरायचात ती जागा मला डोळे बांधले तरी सापडेल. आणि तिथे उभी राहून मी म्हणतेय काहीच नव्हतं!

आता दुसरं ऐका. नामाकाका परवा मंगळवारी त्याच्या वाट्याचं उरलेलं शेत त्याच गोडाऊनच्या नव्या शेडसाठी देऊन टाकतोय. सख्ख्या भावाने तुम्हाला वर खबर दिली नसेल, म्हणून मी देते. का देतोय, माहितीये? तुमच्या मुलीला तिथे नोकरी लागली म्हणून.

तो मांडव आठवतो का? गोडाऊनसाठी जमिनी मागायला शाळेच्या पटांगणात घातलेला. मी बारावीला होते. कंपनीचा माणूस आला होता, काळा चष्मा, हातात पाण्याची बाटली. आपल्या विहिरीचं पाणी पुढे केलं तर त्याने नुसता हात जोडला. माईकवर म्हणाला, "घरटी एक नोकरी." पहिली टाळी तुमची होती. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही घराघरांत फिरलात. "आता आपल्या पोरांना मुंबईला धावाला नको," म्हणायचात, "मुंबईच हितं येतेय."

मुंबई आली, बाबा. म्हणजे पाटी आली. गोडाऊनवर काय लिहिलंय ते तुम्ही कधी नीट वाचलंत का? 'मुंबई तीन'. आपलं दिघाशी नाही, भिवंडी नाही. मुंबई एक आणि मुंबई दोनही मुंबईत नाहीत. पण कोणी टीव्हीवर सांगतो की मुंबईत नोकऱ्या वाढल्या, तेव्हा आमची ही पत्र्याची शेडही त्यात धरलेली असते. नाव त्यांचं होतं, धूळ आपल्या तुळशीवर बसते.

मला एकदा ट्रेनिंगला त्यांच्या मोठ्या ऑफिसात नेलं होतं. काचेची इमारत, कॉफीचं मशीन, दोन वेळा वाढदिवसाचा केक. आमच्या खोक्यांवर तिथे दिवसभर चर्चा चालते आणि एकानेही आयुष्यात खोकं उचललेलं नाही. खुर्च्या तिकडे, खोकी इकडे. खोकी उचलायलाही आपली माणसं चालत नाहीत, ती ठेकेदार बाहेरून आणतो. जेवताना एका मुलीने मला विचारलं, "भिवंडी एक्झॅक्टली कुठे येतं गं? नाशिकच्या जवळ ना?" मी म्हणाले, "हो, लांबच आहे." आणि हसलेसुद्धा. तिची कीव यावी की माझी, ते अजून ठरत नाहीये.

आपली माणसं का चालत नाहीत, ते साहेबांच्या तोंडून ऐका. साहेब पवईचे, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे असतील. "लोकल नको. लग्नाची हळद आली की सुट्टी, भाताची आवणी आली की सुट्टी. एक को कुछ बोलो, तो पूरा गाव गेट पे." आणि मग माझ्याकडे बघून, "आप मुंबईवाले समझते हो."

मी मुंबईवाली. ऐकलंत ना?

तुम्ही भिवंडीत निजामपुऱ्याला पॉवरलूमवर होता तेव्हा मालक हाजीसाहेब नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचे, "घर कहाँ है?" तुम्हीच सांगायचात, हा प्रश्न असायचा तो माणूस सणाला गावी कधी जाणार हे कळावं म्हणून. बिहारचा असो नाहीतर दिघाशीचा, काम येतं ना, मग लाग. आवणीला तुम्ही आठ दिवस दांडी मारायचात. हाजीसाहेब चिडायचे, आठ दिवसांनी चहा पाजायचे. ते काही देवमाणूस नव्हते, बारा बारा तास उभं करायचे, कानाचे पडदे फाटायचे तुमचे. पण पत्ता वाचून माणूस बाजूला सारायची अक्कल त्यांना नव्हती. त्यासाठी जास्त शिकावं लागतं.

आता माझं ऐका. लागेल, पण ऐका.

मी या गोडाऊनला तीनदा अर्ज केला होता. तुम्हाला एकच ठाऊक आहे. पहिले दोन दिघाशीच्या पत्त्यावरून, आणि त्यांचं साधं उत्तरही आलं नाही. तिसरा मावशीच्या मुलुंडच्या पत्त्यावरून केला. कॉलेजला तिच्याकडे राहायचे तेव्हा आधार कार्डावर तिचा पत्ता घातलेला, तो तसाच होता. बाकी एक अक्षर बदललं नाही. तेच मार्क, तोच टॅलीचा कोर्स, तोच फोटो. दोन दिवसांत फोन आला.

तुम्ही भिवंडीहून पेढे आणलेत. मी थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं. तुम्ही गावभर फिरून सांगितलंत, "कंपनीनं शब्द पाळला. उशीर झाला, पण पाळला." जी तीन घरं जमीन न देता अडून बसली होती त्यांनी त्या महिन्यात सह्या केल्या. कंपनीच्या माणसाला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं ते तुम्ही एका संध्याकाळी करून दिलंत. फुकट.

रागावू नका, पण एक विचारू? तुम्हाला एकदाही शंका आली नाही? मी रोज सकाळी सातला घर सोडायचे, शेअर रिक्षाने भिवंडीला, तिथून दुसऱ्या रिक्षाने अंजूरफाट्याला. तिथे कंपनीची बस पकडायची, ठाण्याहून स्टाफला घेऊन येणारी, म्हणजे मीही मुलुंडहून आले असं वाटावं. ती बस मला परत आपल्याच गावात आणून सोडायची. घरापासून गोडाऊन दहा मिनिटं चालत, आणि मी अडीच तास वळसा घालायचे! अजूनही घालते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, भिवंडीत हजेरी लावावी लागते. तुम्ही मान डोलावलीत. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये काढलेल्या माणसाला ही असली हजेरी पटली कशी? की पटवून घेतलीत? आत दिघाशीचं दुसरं कोणी का नाही, हे तरी विचारायचंत. मला ओळखणारं आत कोणी नाही म्हणून माझं खोटं टिकलं, बाबा. सगळ्या गावातून एक घेतली, तीसुद्धा मुलुंडची म्हणून.

आणि तुम्ही तसेच गेलात, कंपनीला दुवा देत.

गेल्या महिन्यात प्रणालीचा अर्ज आला. नामाकाकाची प्रणाली. बीकॉम झाली, माझ्याहून हुशार आहे. अर्ज आधी माझ्या टेबलावर येतात, पत्ते बघून दोन गठ्ठे मी करते. हो, मीच करते. तिने पत्ता सगळा लिहिला होता, मुक्काम, पोस्ट, तालुका, अगदी तुम्ही शिकवायचात तसा. मी तो अर्ज तेवढा बाहेरच्यांच्या गठ्ठ्यात सरकवला, म्हटलं बघू. साहेबांनी वाचला आणि म्हणाले, "ये तो लोकल है, साइड में रखो." मी ठेवला. माझ्या हाताने. सवय झालीय हाताला.

काका रोज विचारतो, "सुगंधा, पोरीचं काय झालं गं?" मी सांगते, बघतायत काका. त्यावर त्याने आपलं आपण गणित मांडलं. आधी जमीन दिली तर साहेबांवर वजन पडेल. गुरुवारी दारात उभा राहून म्हणाला, "माझा भाऊ खोटं बोलणारा न्हवता. तुला लागली, तशी तिलाही लागंल." आई आतून ऐकत होती. तिला सगळं ठाऊक आहे. ती भाकऱ्या थापत राहिली, मी डबा भरत राहिले.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते शूटिंग. मोठ्या ऑफिसला दाखवायला फिल्म हवी होती, शहरातली मुलगी खेड्यात येऊन कशी रमली. म्हणजे मी. साहेबांनी वाक्यं लिहून दिली होती, एका वाक्यात 'ताजी हवा' होती. ताजी हवा! मागे सहा ट्रक चालू होते. मी सगळं पाठ म्हणून दाखवलं आणि शेवटी गोड हसले. मला त्या लोकांची किळस येते, बाबा, पण त्यांनी मला मारून मुटकून उभं केलं नव्हतं. ओढणीला पिनसुद्धा मीच लावली.

काकाला खरं सांगितलं तर काय होईल ते मला नीट दिसतंय. तो काही चारचौघांत गप्प बसणारा माणूस नाही. उद्या सोमवारी अकराच्या आत तो गेटवर असेल, त्याच्यामागे अर्धं गाव. साहेब माझी फाइल काढतील आणि दुपारपर्यंत मी घरी. आपल्या घरात कमावणारी मी एकटी आहे. प्रणालीला ते आताही घेणार नाहीत आणि तेव्हाही घेणार नाहीत. फक्त काकाचं शेत राहील. ते शेत पोरीला नोकरी देणार नाही, पण निदान तिच्या बापाला कोणी फसवलेलं नसेल.

याची भीती वाटतेच. पण मी इतके दिवस गप्प होते ती नोकरीसाठी नाही, तुमच्यासाठी. गावात अजून तुमचं नाव निघालं की लोक म्हणतात, शब्दाचा माणूस. ज्या तीन घरांनी तुमच्या पेढ्यावर सह्या केल्या, ती उद्या काय म्हणतील? आईला नळावर काय काय ऐकावं लागेल? मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, म्हणून त्याच्यावर सगळं ढकलायला सोपं जातं.

तरी मी जाणार आहे. हे पत्र संपलं की लगेच, चहाच्या आधी, काका घरी आहे तोवर. तिथून त्या तीन घरांतही जाईन. अर्ज, पत्ता, बस, ते दोन गठ्ठे, सगळं सांगेन, आणि रडून सुटका करून घेणार नाही, एवढा शब्द देते.

काका एकच गोष्ट विचारेल, मला माहितीये. "दादाला हे ठाऊक होतं का?" मी सांगेन, न्हाय काका, बाबांना मीच फसवलं. मग गाव तुम्हाला भोळा म्हणेल, बावळट म्हणेल, हसेलही. पण लबाड कोणी म्हणणार नाही. तुमच्यासाठी एवढंच करता येण्यासारखं उरलंय, आणि ते मी केल्याशिवाय होणार नाही.

तुमची,
सुगंधा