फोटोच्या काचा

गिरगाव, पौष वद्य तृतीया, शके १८१७

आज कस्टम हौसात शेजारच्या नारायणरावांची विलायती पेटी तपासणीला नेमकी माझ्याच टेबलावर आली. आत फोटोच्या कोऱ्या काचा. क्षयाने खंगलेल्या बायकोचा, गंगूवहिनींचा, एकदा तरी फोटो काढावा म्हणून मागवलेल्या.

"उजेड लागला की काचा गेल्या हो! साहेबांना तेवढं सांगा," नारायणराव हात जोडून म्हणाले.

मला ठाऊक होतं. तरी साहेब "उघड" म्हणाला आणि मी काळा कागद फाडला. माझ्याच हाताने. एक शब्द बोललो नाही. का? नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काय!

नारायणराव अजून घरी परतलेले नाहीत. संध्याकाळी गंगूवहिनी नवं लुगडं नेसून दारात बसल्या होत्या.

"भाऊजी, सुटली का पेटी?"

"सुटली," म्हणालो आणि घाईने घरात शिरलो.