गणपतीतले दोन कॅन

मालवण,
१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय नाझनीन,

बरी असशील. अम्मीचे गुडघे कसे आहेत? तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद. अक्षर घाण आहे, सांभाळून घे.

लॅबमध्ये सगळं झक्कास. म्हणजे जिवाणू झक्कास. आधीचे मेल्यावर सरांनी पुण्याहून दुसरे मागवले. हे दोन दिवसांत समुद्री शेवाळ फोडतात, त्यातून सुटणाऱ्या चिकाचा धागा आता तुटत नाही. त्याची पट्टी भाजलेल्या जखमेवर लावली की ओल शोषते, काढताना कातडी ओढत नाही. सर येईल त्याला दाखवत सुटलेत.

पण दर सहा तासांनी जिवाणूंना खायला घालायचं, आणि सरांनी तुला काढल्यापासून मी एकटीच. महिना झाला, आचऱ्याला घरी गेले नाही. आई फोनवर म्हणते, "काय गो, थंय तुका बांधून घातल्यानी की काय?" मी हसते. खिडकीतून बंदर दिसतं. होड्या जातात, येतात. मी बाटल्या हलवते.

काल रत्नागिरीच्या एका लॅबमधून, तुला नोकरीवर घ्यायचं म्हणून, तुझी चौकशी आली. सर म्हणाले, "तूच मेल लिही. लिही, मुलगी बेफिकीर आहे, गणपतीत सगळे जिवाणू मारले तिने."

नाझनीन, ते तू नाही मारलेस.

मला गणपतीला घरी पळायची घाई होती. वादळी हवेने होड्या बंद, जिवाणूंना लागणारं बाहेरच्या समुद्राचं पाणी कोण आणणार? मी खाडीतूनच दोन कॅन भरले, वर 'समुद्र' अशी चिठ्ठी चिकटवली आणि एसटी पकडली. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, हे रापणकार मासेमाराच्या पोरीला कोणी सांगायला हवं? तू विश्वासाने तेच ओतत राहिलीस. मिठावाचून मेले ते.

मी परत आले तेव्हा सर तुझ्यावर ओरडत होते, "हवेचं मशीन बंद करून घरी झोपलीस का?" तू रडत म्हणालीस, "संचिता, तू तरी सांग गो."

मी कॅन धुवायला घेतले.

मेल आज दुपारी पाठवला. त्यात हे सगळं आहे, खाली माझं नाव, सरांनाही प्रत. उद्या सर मला काढून टाकतील, असं मनात येतं आणि बरं वाटतं. पण दुसरं कोणी नाही म्हणून ठेवूनच घेतील, ओरडतील आणि ठेवून घेतील, याची जास्त भीती वाटते.

माफ कर, असं लिहीत नाही. ते तुझं तू बघ. नोकरी मात्र घे.

तुझ्या खुर्चीत बसलेली,
संचिता