पाठ फिरवून घेतलेले वाटे

प्रिय आनाबाय,

तू जाऊन महिना झाला. आज तुझ्या महिन्याच्या मिस्साला, तुझ्यासाठीच्या प्रार्थनेला, गेले होते. तुमच्या देवळात मागच्या बाकावर बसले. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. तू असतीस तर पदराआड हसली असतीस! घरी आल्यावर मात्र जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. म्हणून मुर्ध्याच्या शाळेत गिरवलेली अक्षरं आज बाहेर काढलीत. दुसरं आहे कोण सांगायला?

मुर्ध्याहून लग्न होऊन मी तारोडीला आले, तेव्हा आपल्या दोन वाळवणांच्या मधे काटेरी कुंपण होतं. इकडे आम्ही हिंदू कोळी, तिकडे तुम्ही किरिस्ताव. बांबूच्या वलांड्यांवर दोघांचेही बोंबीलच टांगलेले, पण एखादी रांग विरळ दिसली की पहिलं नाव शेजाऱ्याचं! "त्यांच्या अंगनात पाय ठेवू नको, उद्या आळ येल," सासूबाई मला बजावायच्या.

आणि तू? एका रविवारी देवळात निघताना कुंपणाशी थांबलीस. "हिरा, मी येईतोवर माझ्या वलांडीवरचे कावले हाकशील?" ओळख ना पाळख! पुढे दर रविवारी मी तुझे कावळे हाकले आणि आमच्या सणांना तू आमचे. त्यापायी सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता, हे तुला कधी कळू दिलं नाही.

मग तो अवकाळी पाऊस. तुम्ही सगळे मिस्साला आणि आभाळ एकदम काळं! मी आधी तुझे बोंबील उतरवले, मग आमचे, आणि घाईत सगळे आमच्या ओटीवर एकाच ढिगात टाकले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "घातलास घोल! आता काय सांगशील त्यांना?" तुझ्या घराची पावसाळ्याची बेगमी होती त्यात.

तू भिजलेल्या लुगड्यानिशी आलीस. ढीग पाहिलास आणि म्हणालीस, "घाल वाटे." होडीवरचा मासा वाटतात तसे. तिथे आधी वाटे डोळ्यांनी पारखून घेतात, मग एकजण पाठ फिरवतो, दुसरा एकेका वाट्यावर हात ठेवतो आणि तो वाटा कुणाचा, त्याचं नाव पाठमोरा घेतो. तू मात्र वाटे पडायच्या आधीच पाठ फिरवलीस! तुझा पेद्रू ओरडला, "आये, वाटे तरी बग!"

"हिरा बगते हाय ना," तू म्हणालीस.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी कुंपणाचे काटे चुलीत घातले आणि त्यावर उकळलेला चहा तुला स्वतः आणून दिला. तुझ्या हातचं पाणीही न घेणाऱ्या बाईने! पुढे लढाईत रॉकेल मिळेना, तेव्हा दोन्ही घरांची जाळी आपण एकाच कंदिलापाशी विणली. लढाई सरली, स्वराज्य आलं, कुंपण काही परत आलं नाही.

पण आनाबाय, मी रागावलेय तुझ्यावर. पेद्रूला होडी दिलीस, वलांड्या दिल्यास, पाठ फिरवायला का नाही शिकवलंस? आणि माझा दामू तरी कुठे कमी आहे! तू गेलीस आणि काही दिवसांतच बोंबील कमी भरले म्हणून दोघांनी एकमेकांना चोर ठरवलं. आज मी देवळातून रेंगाळत घरी आले, तर दोघेही कुंपणासाठी मेढी रोवत होते. तुझ्या मिस्साच्या दिवशी!

मी भांडले नाही. आमचे सुके बोंबील टोपलीने आणून तुमच्या अंगणातल्या बोंबलांच्या ढिगावर ओतले. दामू "आये, येडी झालीस का?" करत धावला. मी म्हटलं, "पेद्रू, मी वाटे घालते. तू पाठ फिरव."

"आन् मला कमी आलं तर?"

"मी हाय ना."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा दामूकडे पाहिलं. मला वाटलं, मोडलं सगळं. मग त्याने हातातली मेढ खाली टाकली आणि पाठ फिरवली. मागून अगदी तुझ्यासारखा दिसतो गं तो. माझे डोळे इतके भरून आले की पुढ्यातले बोंबील दिसेनात. शेवटी दामूच खाली बसला आणि त्याने वाटे घातले. वाटे दामू घालतोय हे पेद्रूला आवाजावरून कळत होतं, तरी तो वळला नाही.

येत्या रविवारी तुझ्या वलांडीवरचे कावळे मीच हाकीन. माझे हात थकले की तिथे दामू उभा राहील, हा माझा शब्द. तू आता निवांत जा, आनाबाय. मागे वळून बघू नकोस.

तुझी शेजारीण,
हिरा