शंभर मोजेपर्यंत

हेडस्यो, शुक्रवार, १७ डिसेंबर १९२६
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. ओले हातमोजे चुलीवरच्या दोरीवर टाकून नुकताच टेबलाशी बसलो आहे.

ती. टेक्लाताईस,
देवाची शांती आणि धाकट्या एवेर्टचा सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. आगगाडी एकोणीस मिनिटं उशिरा आली, पण रिकार्डभाऊ स्वतः बर्फावरची घसरगाडी घेऊन स्टेशनवर उभे होते. उन्हाळ्यात आपल्या प्रार्थनामंडळीच्या मेळाव्यात त्यांनी मला दोनदा नाव विचारलं होतं. आता बंधू एवेर्ट, बंधू एवेर्ट म्हणत माझी पेटीही मला उचलू दिली नाही. त्यांचं बोलावण्याचं पत्र मी सात वेळा वाचलं, हे निल्सदाजींना सांगू नकोस. ते ईस्टरपर्यंत चिडवतील.

आल्मावहिनी स्वभावाने गोड आहेत, पण जीभ तिखट. मी उंबऱ्यावर तीनदा बूट पुसले तर म्हणाल्या, एवढं पुसू नकोस रे बाबा, बुटाचे तळ झिजतील आणि वर आमची जमीन लाजेल. केशराचे पाव आणि कॉफी सतत चालू असते. साखरेचा खडा दातात धरून कॉफी पिणारा मी इथे सर्वांत हळू.

रिकार्डभाऊंना घोड्यांचा फार नाद. तळ्यापलीकडे त्यांचा चुलतभाऊ राहतो. त्याने म्हणे एक घोडी घेतली आहे, ती कोणालाच तोंडात लगाम घालू देत नाही, आणि एकाच्या बोटाचं सालटं काढलं. मी म्हटलं, आमची ब्लेंकाही तशीच! मग काय, त्यांनी मला बोलतंच केलं. मी सगळं सांगितलं. तिची आई मेली तेव्हा मी तिला बाटलीने गायीचं दूध पाजलं, बाबा म्हणाले की हे शिंगरू आता एवेर्टचं. पहिल्याच हिवाळ्यात दाजींनी लगामाची गोठलेली लोखंडी कडी तिच्या तोंडात घातली आणि जिभेची कातडी निघाली. तेव्हापासून कडी आधी ऊब यायला काखेत धरायची, शंभर मोजायचे, हळू गुणगुणायचं, आणि मगच तिच्या ओठाशी न्यायची. रिकार्डभाऊंनी खुंटीवरचा लगाम काढून माझ्याकडून करून घेतलं. नंतर कागदावर लिहूनही घेतलं. मी दोनदा तपासून स्वच्छ अक्षरात लिहिलं. माझं लिहिलेलं कोणी मागून घ्यावं, हे पहिल्यांदाच घडलं ग. आल्मावहिनी मात्र मध्येच दुधाची बादली घेऊन बाहेर गेल्या. बादली तर भरलेलीच होती.

ब्लेंका रानातून कधी परत येणार? लाकडं ओढणाऱ्या गड्यांना दाजींनी कडीचं सांगितलं ना? तू दिलेले पंचवीस क्रोनर कोटाच्या आतल्या खिशात टाचणी लावून ठेवले आहेत. अंड्यांचे एवढे पैसे साठले, याचं नवल वाटतं.

माया आहेच, थंडीत ती गोठू देऊ नकोस.
तुझा,
एवेर्ट

*

ग्रानबी, सोमवार, २० डिसेंबर

चि. एवेर्ट यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर सुंदर, पण एवढं बारीक की मला दिव्याखाली जावं लागलं. घरी सर्व ठीक. डुकराचं काम झालं. तुझ्या वाटणीचं मांस मिठात ठेवलं आहे.

ब्लेंका रानात बरी आहे असं तुझे दाजी म्हणतात. तू तिची काळजी सोड बघू. चार दिवस पाहुणा म्हणून गेला आहेस, पाहुण्यासारखा राहा. लोकांना घोड्यांचे धडे देत बसू नये, शहाण्या माणसांना ते कंटाळवाणं होतं. आणि नाताळच्या पहाटे त्यांच्याबरोबर देवळात जायलाच हवं असं नाही. तुझी छाती लहानपणापासून नाजूक. घरी थांबलास तरी आल्मावहिनी समजून घेतील. शक्य झालं तर चोवीस तारखेच्या गाडीने परतच ये. मी तांदळाची खीर करीन, नशिबाचा तो एकच बदाम तुझ्याच वाटीत टाकीन.

काही ऐकलंस, काही पाहिलंस, तर आधी मला विचार. मी तुझी बहीण आहे, एवढं धरून राहा.

तुझी,
टेक्ला

*

हेडस्यो, शनिवार, २५ डिसेंबर
सकाळचे दहा वाजून पस्तीस मिनिटं. तळ्यावरून चालत आलो, बुटातला बर्फ अजून काढलेला नाही.

ती. ताईस,

मी देवळात गेलो. तुझं पत्र काल मिळालं, पण छाती चांगली आहे म्हणून गेलो.

पहाटे आम्ही आल्मावहिनींच्या म्हाताऱ्या घोड्याच्या गाडीतून निघालो. रिकार्डभाऊ म्हणाले की ते तळ्यापलीकडून चुलतभावाची गाडी घेऊन येतील. उपासना संपून बाहेर आलो तेव्हा सगळीकडे मशाली आणि घोड्यांची वाफ. इथेही आपल्यासारखीच चाल आहे, देवळातून जो आधी घरी पोचेल त्याचं पीक आधी. सगळे घाईने घोडे जुंपत होते, आणि एकमेकांना ओरडत होते की तुझं घोडं तर पुढच्या नाताळला पोचेल.

रांगेत शेवटी एक घोडी उभी होती. लगाम काढलेला. कपाळावरचा पांढरा डाग डाव्या डोळ्याकडे वळलेला. ताई, तो डाग मी अंधारात बोटाने काढू शकतो.

रिकार्डभाऊ तिच्यासमोर पाठमोरे उभे होते. कोटाची बटणं उघडी, एक हात आत काखेत. ते आकडे मोजत होते. सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. मग मी शिकवलेलं गुणगुणले, बेसूर, पण तेच. आणि ब्लेंकाने तोंड उघडलं. शांतपणे. माझा वास तिला आला असावा, कारण तिने मान वळवली आणि खिंकाळली. तोवर कडी आत गेली होती.

रिकार्डभाऊंनी मला पाहिलं. कोटाची बटणं लावत म्हणाले, ये बंधू, बस गाडीत, आज आपणच पहिले. मी बसलो नाही. ते खरोखरच पहिले पोचले. मी सहा किलोमीटर चालत आलो.

स्वयंपाकघरात आल्मावहिनी रडत होत्या आणि नवऱ्याला म्हणत होत्या की आता तरी त्या पोराला कागद दाखव, प्रार्थनेला एका बाकावर बसता ना तुम्ही दोघं. चुलतभाऊ घोडी विकत घेणारा नव्हताच. त्याच्या तबेल्यात ती फक्त माझ्यापासून लपवली होती. रिकार्डभाऊंनी विक्रीचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले की व्यवहार रोख झाला आहे, त्यात पाप काय? किंमत सहाशे चाळीस क्रोनर. तारीख नऊ नोव्हेंबर. म्हणजे दाजी तिला रानात घेऊन गेले म्हणालीस, त्याच दिवशी.

दाजींच्या सहीखाली तुझीही सही आहे. बाबा गेल्यावर माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा तू खिडकीवरच्या दहिवरात बोटाने अक्षरं काढून मला शिकवलीस. त्यातलं पहिलं अक्षर तुझ्या नावाचं होतं, वरची रेघ जरा लांब. मी ती ओळखतो.

मी आधी तुला विचारतो आहे, तू म्हणालीस तसं. हे तू केलंस का?

एवेर्ट

*

ग्रानबी, बुधवार, २९ डिसेंबर

माझ्या बाळा एवेर्ट,

हो, सही माझी आहे.

रागावायच्या आधी सगळं वाच. दाजींना दुधाच्या धंद्यासाठी मोटारलॉरी घ्यायची होती. घोड्यांचे दिवस संपले, असं ते रोज जेवताना म्हणतात, आणि मी रोज ऐकते. बाबा बोलले होते हे खरं, पण लिहून कुठे गेले? तुला सांगितलं असतं तर तू तिच्या गळ्यात हात टाकून ठाणावर बसला असतास. ते बघायची माझ्यात ताकद नव्हती.

आता एक सांगते, नाही तर ते मला झोपू देणार नाही. घोडी नेल्यावर दोन आठवड्यांत रिकार्डभाऊंनी लिहिलं की ही कोणाला जवळ येऊ देत नाही, परत घ्या आणि पैसे द्या. पैसे तर लॉरीत गेले होते. दाजी माझ्यावर ओरडायला लागले. तेव्हा मीच लिहिलं की एवेर्टला नाताळला बोलवा, त्याला मान द्या, गोड बोला, तो आपणहून सगळं सांगेल. ते पत्र तू सात वेळा वाचलंस असं लिहिलंस, ती ओळ मी दाजींना वाचून दाखवली नाही.

पंचवीस क्रोनर मी त्या पैशांतूनच काढून ठेवले, दाजींना न सांगता. तुझं काहीतरी तुला मिळावं म्हणून. मायेनेच दिले रे.

घरी ये. दाजी म्हणतात की तुला लॉरी चालवायला शिकवतील. बदाम मी खिरीतून काढून डबीत ठेवला आहे.

तुझी, अजूनही तुझीच,
टेक्ला

*

हेडस्यो स्टेशन, रविवार, २ जानेवारी १९२७
दुपारचे एक वाजून पाच मिनिटं. उत्तरेकडची गाडी यायला पंचावन्न मिनिटं आहेत. पेटीवर कागद ठेवून लिहितो आहे.

सौ. टेक्ला यांस,
देवाची शांती.

तुमचं पत्र काल मिळालं. तीन वेळा वाचलं. दाजींचं मला फार लागलं नाही, ते नेहमीच तसे होते. रिकार्डभाऊंनी घोडी विकत घेतली, तेही एक वेळ समजेल. पण मला कशाने बोलतं करता येईल हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तुम्ही ते लिहून पाठवलंत.

मी ग्रानबीला येत नाही. स्टेशनमास्तरांच्या ओळखीने वरच्या रानात लाकडं मोजून वहीत उतरवण्याचं काम मिळालं आहे. माझं अक्षर पाहून त्यांनी लगेच हो म्हटलं. ते अक्षर तुम्ही दिलेलं आहे, ते काही मला परत करता येत नाही.

मघाशी आल्मावहिनी चालत स्टेशनवर आल्या. मी लिहिलेला तो कागद त्यांनी रिकार्डभाऊंच्या टोपीतून काढून आणला होता. म्हणाल्या, हा तुझा आहे, फाडून टाक, बघू दे आता ते कसे लगाम घालतात. मी तो हातात घेतला. आणखी एकदा तपासला. त्यात एक चूक राहिली होती. शंभर डिसेंबरच्या थंडीला पुरतात. फेब्रुवारीत कडी दोनशे मोजेपर्यंत काखेत धरावी लागते, नाही तर जीभ चिकटते. मी ते दुरुस्त केलं, खाली तारीख घातली आणि कागद त्यांना परत दिला. ब्लेंकाने काय केलं आहे कोणाचं?

माझी बाटली, म्हणजे तिची दुधाची, माळ्यावर खिडकीपाशी आहे. ती कोणाला देऊ नये.

पत्राच्या शेवटी मायेचं जे लिहायचं असतं, ते आज हाताला येत नाही. खाली हिशोब देतो.

तुमच्याकडून मिळाले: २५ क्रोनर.
आगगाडी, येतानाची: ६ क्रोनर ४० ओर.
आल्मावहिनींसाठी कॉफी: १ क्रोनर ७५ ओर.
देवळात दानपेटीत: २५ ओर.
तिकिटं, तीन पत्रांची: ४५ ओर.
एकूण खर्च: ८ क्रोनर ८५ ओर.
सोबत परत पाठवले: १६ क्रोनर १५ ओर.
माझ्याकडून येणं: ८ क्रोनर ८५ ओर. पहिल्या पगारातून पाठवीन, म्हणजे ब्लेंकाच्या पैशातलं माझ्याकडे काही उरणार नाही.
सहाशे चाळीस क्रोनर: हे कुठल्याही रकान्यात घेतलेले नाहीत. मी तिला विकलं नव्हतं.

एवेर्ट