प्रवाशांनी काळजी करू नये

रविवार

काल मी लिहिलं की माझ्या खोलीला खिडकी आहे. ते बरोबर नव्हतं. खिडकीचा पडदा आहे. पडद्यामागे भिंत आहे आणि भिंतीवर एक ट्यूबलाइट. बटण दाबलं की उजाडतं, पुन्हा दाबलं की मावळतं. मी स्वतःशीच खूप हसले, पण रोजनिशीत चुकीचं राहायला नको म्हणून दुरुस्त करते.

बाकी कालचं सगळं खरं आहे. जहाज खरोखरच एखाद्या गावाएवढं आहे, गालिचे नवे आहेत आणि मला नोकरी लागली आहे. स्वागतकक्षाच्या मागे काचेची एक लहान खोली आहे, तिला सगळे पोपटखाना म्हणतात. तिथे बसून तीन वेळा घंटा वाजवायची, श्वास घ्यायचा, आणि जेवण कुठल्या मजल्यावर, समुद्र कसा आहे, सापडलेला चष्मा कोणाचा, ते सांगायचं. जिन्यांत, खोल्यांत, डेकवर, सगळीकडे एकाच वेळी माझा आवाज जातो.

आधी हे काम मोठ्या ताई करत. त्यांचा घसा कायमचा बसला, आता नुसती कुजबुज उरली आहे, म्हणून मला घेतलं. त्या शिकवतात आणि अधूनमधून टोमणे मारतात. म्हणाल्या, आवाज तुझा सायीसारखा आहे गं, पण चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. बरं झालं, स्पीकरमधून चेहरा जात नाही.

मी त्यांना सांगितलं की माझी पहिली शाळा म्हणजे घरच. बाबा दीपगृहावर होते, जवळपास शाळा नव्हती. आई रोज मोठ्याने वाचून घ्यायची, आणि मला न समजलेलं वाक्य मी वाचलं की तिथेच थांबवायची. समजल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा नियम होता.

सोमवार

आज संकटाची वाक्यं शिकले. जहाजावर वाईट बातमी प्रवाशांना सरळ सांगत नाहीत. गोंधळ होतो, माणसं चेंगरतात. आग लागली तर ‘लाल छत्री सापडली आहे’ म्हणायचं. चाचे आले तर ‘निळी छत्री’. प्रवासी ऐकतात आणि विसरतात. निळी छत्री ऐकली की खलाशी आणि अधिकारी मात्र तळमजल्यावरच्या लोखंडी कोठारात जमतात, कारण हत्यारं तिथे असतात.

मी विचारलं, पण कोणी खरंच छत्री मागायला आलं तर? ताईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हरिश्चंद्राची नात आमच्याच वाट्याला यायची होती!

दुपारी एक आजी काचेशी आल्या. त्यांची विणायची सुई हरवली होती. मी घोषणा केली आणि सुई सापडली. दोन नातींना घेऊन प्रवासाला निघाल्या आहेत. मुली दिवसभर खेळघरात असतात. म्हणाल्या, पोरी, तुझा आवाज ऐकला की घरचंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं बघ. आईला हे लिहून कळवायला हवं.

मंगळवार

क्रमाने लिहिते.

सकाळी नाश्त्याच्या वेळी कॅप्टनांचा फोन आला. निळी छत्री, एवढंच म्हणाले. मी घंटा वाजवली आणि वाक्य म्हटलं. खाली धावणारी पावलं ऐकू आली, मग लोखंडी दार लागल्याचा आवाज. पण शिडीपाशी चाच्यांनी एका खलाशाला पकडलं होतं आणि कानाशी बंदूक लावून सगळे कुठे जमतात ते वदवून घेतलं होतं. त्यांनी कोठाराला बाहेरून साखळी घातली. म्हणजे माझं वाक्य ऐकून कॅप्टनांसकट सगळे आयतेच पिंजऱ्यात गेले.

चाचे नऊ आहेत. प्रवासी हजाराच्या वर, आणि त्यांना अजून काहीच माहीत नाही. धुलाईघरातून आणलेले अधिकाऱ्यांचे पांढरे कोट चाच्यांनी चढवले आहेत. आचारी आणि वाढपी यांना तेवढं कामावर ठेवलं आहे. ते हसतात आणि चहा सांडतात.

म्होरक्याला त्याची माणसं मास्तर म्हणतात. तो हळू, समजावून बोलतो. मला म्हणाला, हजार माणसं उठली तर नऊ बंदुका पुरायच्या नाहीत, म्हणून त्यांना उठू द्यायचं नाही, आणि ते काम तुझं. ताईंना स्टुलावर बसवलं, त्यांच्या मागे एक बंदूकवाला उभा केला. एक शब्द बदललास तर आधी ह्या, म्हणाला.

मी वाचलं. इंजिनात किरकोळ बिघाड आहे, फोन आणि इंटरनेट काही काळ बंद राहतील, प्रवाशांनी काळजी करू नये, दुपारी सभागृहात गाणी आहेत.

माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. मला त्याचीच भीती वाटते.

हे घोषणांच्या कागदांखाली धरून लिहिते आहे. त्याला वाटतं, मी मजकूर उतरवून घेते.

बुधवार

आता खोल्यांचे नंबर. अमुक खोल्यांतल्या कुटुंबांना दुसऱ्या जहाजावर प्रशस्त जागा मिळणार आहे, त्यांनी सामान घेऊन खालच्या दाराशी यावं. लोक आनंदाने जातात. ज्यांना बोलावलं नाही ते माझ्याशी भांडायला येतात. एक गृहस्थ म्हणाले, आम्ही काय फुकट आलोय का? विणकामवाल्या आजी काचेशी येऊन म्हणाल्या, काय गं, तोंड बघून नंबर लावतेस होय?

मास्तर पांढऱ्या कोटात माझ्या मागेच होता. पुढे वाकून म्हणाला, आजी, घाई नको, तुमच्या नातींचा नंबर मी स्वतः लावतो. आजींनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले.

मी पुढचे नंबर वाचले.

दुपारी दूरवर एक युद्धनौका दिसली. प्रवासी डेकवरून रुमाल हलवत होते. मास्तरने हातातला रेडिओ माझ्या टेबलावर ठेवला आणि बटण दाबायला सांगितलं. पलीकडे नौदलाच्या एक अधिकारी बाई होत्या. त्यांनी विचारलं, तिकडे सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, सगळं ठीक आहे, इंजिनाचं काम चालू आहे. त्या म्हणाल्या, तुमचा आवाज फार शांत आहे.

गुरुवार

पोपटखान्याच्या मागच्या भिंतीत एक गोल खिडकी आहे. ही खरी आहे. तिच्यातून ते दुसरं जहाज दिसतं. गंजलेलं, मालवाहू. आमच्या जहाजाच्या आडोशाला उभं केलंय, युद्धनौकेला दिसू नये म्हणून; त्या बाजूचे डेकही प्रवाशांना बंद केलेत. माणसं शिडीने त्यावर उतरतात. तळघराचं झाकण उघडतं, माणसं आत जातात, झाकण बंद होतं. मग बॅगा समुद्रात फेकतात. एक लाल बॅग बराच वेळ तरंगत होती.

आज एक माणूस झाकणापाशी थांबला. आत बघितलं आणि वळून आमच्याकडे ओरडू लागला. काच जाड आहे, मला काही ऐकू आलं नाही. त्याला ढकललं. दोन जहाजांच्या मधल्या फटीत —

त्याच्या खोलीचा नंबर मी वाचला होता. स्पष्ट. दोनदा.

ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गप बस बये, पैसे मिळाले की सोडतील. पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

नौदलाच्या बाईंनी कळवलंय की शनिवारी दुपारी इंजिनाचा सुटा भाग घेऊन त्या जवळ येतील. मास्तर हो म्हणाला, नाही म्हटलं असतं तर संशय आला असता. मग त्याने शनिवारचा कागद मला दिला. नौका पोचायच्या आधी खेळघरातल्या सगळ्या मुलांची बोटीतून सहल.

मुलं त्या झाकणाखाली असली की नौदल गोळी झाडणार नाही. हे त्याने मला गणित समजावल्यासारखं समजावलं. शेवटी विचारलं, कळलं ना?

शुक्रवार, सकाळ

ठरलं. शनिवारी दुपारी सहलीची घोषणा वाचायची नाही. खरं सांगायचं. उजवा हात माइकवर, डावा टेबलावरच असलेल्या रेडिओच्या बटणावर, म्हणजे प्रवासी आणि नौदल दोघांनाही एकदमच ऐकू जाईल.

पण सुरुवात कशी करू? चाचे हा शब्द आधी आला तर लोक जिन्यांकडे धावतील. मुलंच पायाखाली येतील. रात्रभर वाक्यं जुळवत होते. बाबांची होडी उलटली त्या दिवशी आईने आम्हा भावंडांना आधी खाली बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले, आणि मग सांगितलं. तसंच करायचं.

आहात तिथे खाली बसा. शेजारच्याचा हात धरा. नंतर कोट, बंदुका, ते नऊ जण. नंतर कोठाराची साखळी. नंतर मुलं.

मास्तर हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर बसतो. मला किती बोलता येईल?

ताईंचं काय होईल ते माझ्याने लिहवत नाही. बंदूकवाला पाणी प्यायला वळला तेव्हा त्यांच्यापुढे कागद सरकवला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं, फाडतील. ओठ हलले — मुलांचं वर घे. बाकीचं जमलं तर. आणि धावत बोलू नकोस, नेहमीसारखी बोल.

मी मुलांचं वर घेतलं.

शुक्रवार, दुपार

नौका फार जवळ आली आहे. डेकवरची माणसं दिसतात. मास्तर येरझाऱ्या घालतोय. त्याचा कोट घामाने पाठीला चिकटलाय —

आजी काचेशी आल्या आहेत. दोन्ही नातींना वेण्या घालून आणल्यात. म्हणतात, साहेबांनी निरोप धाडला, आमचा नंबर लागला —

मास्तर सहल उद्या नाही म्हणतो. आताच वाच म्हणतो. मी म्हटलं, अक्षर लागत नाही, नीट उतरवून घेते. म्हणून एवढं —

बंदूक ताईंच्या मानेवर. ताई माझ्याकडे बघताहेत. मान हलवतात. हो म्हणतात —

बसा. हात धरा. मुलांना —

शनिवार नाही. आज. शुक्रवारी, आत्ता. तिसरी घंटा झाली की मी