बोलणे स्वच्छ आहे

सोमवार, ३ तारीख

आज नव्या कामावर रुजू झालो. उभा जन्म महाविद्यालयात भाषा शिकवणाऱ्या माणसाला उतारवयात शस्त्रक्रियागृहात नेमणूक मिळावी, हे ऐकून माझी दिवंगत पत्नी हसून बेजार झाली असती. काम सुटसुटीत आहे. कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवतात आणि तिच्यातून सौम्य वीजप्रवाह सोडतात. त्याने हातांचा कंप थांबतो. तार केसभर सरकली तरी वाचा बिघडू शकते, म्हणून रुग्णाला जागे ठेवतात. मी उशाशी बसून त्याच्याशी बोलत राहायचे आणि साहेबांनी, म्हणजे शल्यविशारदांनी, विचारले की बोलणे स्वच्छ आहे अथवा नाही, एवढेच सांगायचे. माझ्या होकारानंतर तारेची जागा पक्की होते. मोठ्या सिस्टरांनी बजावले, की मास्तर, पेशंटला जागं ठेवायचंय, तेव्हा व्याख्यान देऊ नका. सगळे हसले, मीही हसलो. खोली लख्ख, माणसे मनमिळाऊ. पुष्कळ दिवसांनी जेवणाला चव लागली.

गुरुवार, ६ तारीख

आज घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. प्रवाह सुरू होताच त्यांचा कापणारा हात चादरीवर अलगद निजला. मी त्यांना महिन्यांची नावे उलट क्रमाने म्हणावयास सांगितली होती. ऑगस्टपाशी ते अडखळले. मग आवाज त्यांचाच, पण हेल निराळा: अहो, किती ते शुद्ध बोलणं. दिवंगत काय म्हणता, मेली म्हणा की.

माझ्याशी अशा तऱ्हेने एकच व्यक्ती बोलत असे.

बोलणे स्वच्छ नाही, असे मी साहेबांना सांगितले. त्यांनी तार किंचित वर घेतली. घड्याळजींनी पुढचा महिना उच्चारला. मधले त्यांना काहीच आठवत नव्हते.

मंगळवार, ११ तारीख

पत्नी दुपारी वामकुक्षीला पडली ती उठलीच नाही. निरोपाचा एक शब्द झाला नाही. मी वर्षभर त्या शब्दावाचून जगलो आहे, एवढेच माझ्या बाजूने नमूद करतो.

आज शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे यजमान पाट्या रंगवतात. ते बाहेर बाईंच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते. बाई भलत्याच बोलक्या. मास्तर, सदरा कोणी शिवला, त्याला आधी माझ्याकडे पाठवा, म्हणाल्या. आमचे हे तर रंगाचे हात सदऱ्यालाच पुसतात, म्हणाल्या. प्रवाह सुरू झाला, कंप थांबला, आणि वाक्य अर्ध्यावर तुटले.

मग: अहो. मीच आहे. तार हलवू देऊ नका.

साहेबांनी विचारले. मी म्हणालो, बोलणे स्वच्छ आहे.

सोमवार, १७ तारीख

रंगारी मला जिन्यात भेटले. हात थांबला हो मास्तर, म्हणाले, पण माझी बायको कुठे आहे? ती सुईला हात लावत नाही, मला परक्यासारखे "तुम्ही बसा ना" म्हणते आणि सारखे तुमचे घर विचारते. साहेबांचे मत पडले, की थोडा गोंधळ होतोच, ओसरेल. उच्चारांच्या सरावासाठी बाईंना माझ्या घरी आणावे, असे मी सुचवले. रंगाऱ्यांनी माझे हात हातात घेतले.

शुक्रवार, २१ तारीख

ती रोज दुपारी येते. रंगारी बाहेर पायरीवर बसतात; आत बोलावले तरी येत नाहीत, सरावात व्यत्यय नको म्हणतात. आत ती माझी पुस्तके तिच्या जुन्या पद्धतीने लावते, माझ्या व्याकरणाची टिंगल करते. सुईने खरखरीत झालेली बोटे न्याहाळून आज म्हणाली, बाई बरीच कष्टाळू होती हो.

होती.

मी दुरुस्ती सुचवली नाही.

मंगळवार, २५ तारीख

आज एक टपालवाले. तार मेंदूत बाईंच्या वेळेइतकीच खोल गेली. तो धिप्पाड मनुष्य एकदम रडवेला झाला. मास्तर, ऐकताय ना? आमच्या ह्यांना सांगा, मी इथे आहे. माझ्या अंगात कोण शिरलंय, मास्तर?

बोलणे स्वच्छ नाही, असे म्हणताना माझेच बोलणे —

तार वर घेतली. टपालवाले हसले. त्यांना काही आठवत नव्हते.

बुधवार, २६ तारीख

तिला सगळे सांगितले. ती पुस्तके लावत राहिली. म्हणाली, मी परत तिकडे जाणार नाही. तिथे हाक मारायला कोणाचं नाव आठवत नाही. तुम्ही पाठवणार आहात का मला?

बाहेर पायरीवर रंगारी खोकले.

गुरुवार, २७ तारीख

साहेबांना सत्य सांगता आले नाही. बाईंची वाचा बिघडली असावी, एवढेच सांगितले. उद्या तिला बोलावले आहे. प्रवाह कमी-जास्त करून पाहणार. ऐकायला मी.

शुक्रवार, २८ तारीख

शस्त्रक्रियागृहाबाहेर बाकावर बसून लिहितो आहे. आत प्रवाह उतरवत आहेत. मला अद्याप आत घेतलेले नाही. रंगारी शेजारी. मास्तर, तुमचा शब्द म्हणजे शब्द, म्हणाले.

आतून हाक आली. अहो.

मग दुसरी. मास्तर.

पुन्हा अहो — मास्तर — एकाच तोंडातून, एकमेकींवर — रंगारी उठून उभे राहिले आहेत. त्यांनी दुसरी ओळखली.

दार उघडले. साहेब विचारताहेत, मास्तर, यातलं बोलणं कोणतं ठेवायचं?

रंगारी माझ्याकडे पाहत आहेत. ती आतून पाहते आहे.

मी म्हणालो, की —