तीन दिवसांचं सुतक

आक्का,

नावाआधी 'प्रिय' लिहिलं नाही, ते विसरून नव्हे. मुद्दाम लिहिलं नाही. तुझ्यावर इतकी चिडले आहे की हात वळेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "असू दे गं मंजू." तुझं सगळ्यांना हेच, असू दे, असू दे!

आज सकाळी नागू काका येऊन गेले, म्हणून लिहिते आहे. बाबा गेल्यापासून त्यांचे भाऊ म्हणून आपल्या घराचे वडीलधारे ते, निदान ते स्वतः तसं समजतात. सोबत आपल्या रंगारी समाजाच्या मंडळातल्या दोन बायका होत्या. नवरात्र आठवड्यावर आलंय, तर पायऱ्यांवर गोंबे-बाहुल्या मांडायची बोलणी करायला आले होते. मी कॉफी दिली आणि म्हटलं, "यंदा कसले गोंबे काका? आक्का जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. वर्षाच्या आत पायऱ्या मांडायच्या, बाहुल्या सजवायच्या, बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं, बरं दिसतं का ते?"

काकांनी कॉफी फुंकली. म्हणाले, "आपल्याला कसलं वर्ष? लग्न झालेली मुलगी ती. तिचं सुतक तुझ्या आईला तीन दिवसांचं, तुला त्याहून कमी. ते तेव्हाच फिटलं. वर्ष धरायचं ते हिनकलच्यांनी, तिच्या सासरच्यांनी. आपल्या घराला काही अडचण नाही."

ऐकलंस?

अगं, हिनकलला तू फक्त झोपायला जायचीस, आणि तेही जायचीस म्हणायचं म्हणून. बाकी सगळा जन्म या घरात काढलास. आईचं औषध तू, गॅसचं तू, घरपट्टी तू, काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला दवाखान्यात बसलेली तू, मंडळाच्या हरेक कार्यक्रमाचे कपडे शिवणारी तू. शाळेत दिवसभर पोरांना शिकवून तू घरी न जाता इकडे यायचीस. आणि या घराने तुझ्यासाठी किती थांबायचं? तीन दिवस! वर काका चुकीचं बोलत नव्हते. रीत तशीच आहे. मला तोंडात मारल्यासारखं झालं.

शेवटी मी उत्तर दिलं. ते सांगते, पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय.

सगळ्यात पहिलं भांडण तुझ्या झोपेचं. "मला झोप कमीच लागते," हे तू कसलं बक्षीस मिळाल्यासारखं सांगायचीस गं? कोणी विचारलं, एवढं सगळं कधी करतेस, की लगेच हसून, "रात्र असते की!" बायका डोळे विस्फारायच्या. तुला ते आवडायचं. खोटं बोलू नकोस, आवडायचं. बाहुल्यांचे परकर, शाळेतल्या पोरांचे सोंगांचे कपडे, मंडळाची गाणी, कुणाच्या रुखवतातलं मातीचं तुळशीवृंदावन, एक संपायच्या आत दुसरं अंगावर घ्यायचीस. सुंदर करायचीस, ते मी नाकारत नाही. तुझ्यासारखा हात आपल्या घरात कुणाचा नव्हता. पण डोळ्यांखालचं काळं पावडरीने झाकून तू दारात उभी राहायचीस आणि मी म्हटलं, "आक्का, साकु कर, पुरे आता," की मलाच वेड्यात काढायचीस.

आणि मग पिरियापट्टणच्या मामांच्या नातीचं बारसं आलं. पाळण्याला झालर हवी होती. बाजारात मिळत नाही का झालर? मिळते. ढीगभर मिळते. पण मामी म्हणाल्या, "आक्काच्या हातची हवी." झालं! तू रात्रभर बसून झालरीवर दोऱ्याने पोपट भरलेस. सकाळी स्कूटर काढलीस. मी फोनवर ओरडले होते, बसने जा. तू म्हणालीस, बसने गेले तर आईच्या व्यायामाच्या वेळेत परत यायला जमणार नाही. गेलीस, झालर बांधलीस, पाळणा म्हटलास, जेवलीससुद्धा नाहीस, आणि उलट पावली निघालीस.

येलवालच्या अलीकडे तू आदळलीस तो ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा होता. उभा! चालत नव्हता. पोलीस शेखर भावोजींना म्हणाले, ब्रेक लावल्याची खूणच नाही कुठे. भावोजींना ते कळलं की नाही कोण जाणे, मला तिथल्या तिथे कळलं. तू झोपली होतीस. सगळ्यांसाठी जागी राहिलीस आणि झोप घ्यायला तुला हुणसूर रोडच मिळाला?

भेटायला आलेली माणसं म्हणत होती, देवाची मर्जी. माझा संताप संताप झाला. देवाचा काय संबंध? देव म्हणाला होता का झालरीवर पोपट भर म्हणून?

आणि दुसरं वाक्य, त्याहून वाईट. "बिचारी कधी कुणाला नाही म्हणाली नाही!" मामी रडत रडत हेच म्हणत होत्या. काका म्हणाले. शाळेतल्या बाई म्हणाल्या. फोटोला हार घालून जो तो तेच. अगं, हे कौतुक आहे? तुला मराठी येत होतं, कानडी येत होतं, पोरांना इंग्रजी शिकवायचीस. तीन भाषांत तुला एक नकार सापडला नाही? 'नको' म्हण, 'बेडा' म्हण, 'नो' म्हण. काहीतरी म्हणायचं होतंस!

नाही म्हणायचं सोडच, तू माझ्याही नावाने हो म्हणून ठेवलंस. "मंजू करेल, घरीच तर असते," हे तुझं. घरी असते, आक्का, कारण माझं कामच घरी आहे. लहान मुलांच्या पुस्तकांना मी चित्रं काढते. ते काम आहे. रांगोळी नाही ती, फावल्या वेळेत घालायची. तुला कधी पटलंच नाही. माझ्या टेबलावर ओली चित्रं वाळत असायची आणि तू त्यावरून हात फिरवत म्हणायचीस, "छान गं, आता जरा बँकेत जाऊन ये."

तू गेल्यावर तुझी सगळी कामं सरळ माझ्या पदरात पडली. कुणी विचारलंदेखील नाही. सकाळी आईला उठवणं, व्यायाम, डबा, रेशनच्या दुकानात अंगठा लावणं, काकांच्या डोळ्यांत थेंब, भावोजींच्या घरी कामवाली आली नाही तर तेही. त्यात माझं पहिलं स्वतःचं पुस्तक चालू आहे. गोष्टही माझी, चित्रंही माझी. किती वर्षं वाट बघितली याची, तुला ठाऊक आहे. नाही, नसेल ठाऊक. तू कधी विचारलं नाहीस.

गेल्या महिन्यात मी संपादकबाईंना चित्रं पाठवली. त्यांचा फोन आला. फार सभ्य बाई. म्हणाल्या, "मंजुळा, हत्ती सुरेख आलाय. फक्त त्याला पाच पाय आहेत, ते गोष्टीत पुढे येणार आहे का?" अय्यो! म्हैसूरमध्ये जन्मलेली मी, दर दसऱ्याला हत्ती बघत मोठी झालेली, आणि हत्तीचे पाय मोजता येईनात. हसू आलं आणि मग भीती वाटली. ते चित्र मी कधी रंगवलं तेच मला आठवत नव्हतं. त्या दिवशी मी माझ्या स्कूटरला हात लावला नाही, चालत गेले सगळीकडे.

तरीही माझं मी बघून घेतलं असतं. मी तुझ्याइतकी चांगली नाही, मी टाळाटाळ करते, खोटं बोलते, फोन उचलत नाही. मी तगले असते. पण नित्या?

तुझी मुलगी गं! कॉलेज, वडिलांचा डबा, नाचाचा क्लास, आणि संध्याकाळी इकडे आजीकडे. तुझी स्कूटर दुरुस्त करून तीच चालवते. मला बघवत नाही ती स्कूटर, पण भावोजी म्हणाले, चांगली चालते की. परवा मी तिला औषधं आणायला पाठवलं. हो, मीच पाठवलं, मला आईला सोडून निघता येईना. ती येईना, फोन घेईना. धावत गेले. औषधाच्या दुकानासमोर स्कूटर स्टँडवर, किल्ली तशीच, आणि ही हँडलवर डोकं टेकून गाढ. औषधांची पिशवी कोपरावर लटकलेली. भर बाजारात, भर दुपारी. दुकानदार म्हणाला, बऱ्याच वेळापासून आहे, उठवावं की नाही कळेना.

मी हलवलं. दचकून उठली आणि पहिलं वाक्य काय? "सुम्ने, उगीच डोळे मिटले होते मावशी, झोपले नव्हते." आणि मग तुझ्यासारखंच हसून, "मला झोप कमीच लागते. अम्मासारखी."

आक्का, त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुला दोन ठेवून दिल्या असत्या. मोठी बहीण म्हणून बघितलं नसतं. हे ठेवून गेलीस तू पोरीला? दागिने आईकडेच आहेत, साड्या कपाटात आहेत, आणि अंगात मात्र हे भरून गेलीस!

तिला घरी आणून बसवलं तेव्हा कळलं, ती का जागते आहे. तुझा अर्धवट देखावा. जुन्या काळचा आपल्या रंगाऱ्यांचा वाडा तू यंदा गोंब्यांत मांडणार होतीस ना? निळीच्या कढया, दोरीवर वाळणारी लुगडी, ठसे मारणारी माणसं. मंडळभर सांगून बसली होतीस. ती मातीची माणसं खोक्यात तशीच होती, निम्म्यांना हातच नव्हते. काकांनी माझ्या माघारी पोरीला सांगितलं होतं, "आईचं राहिलेलं तूच पूर्ण कर, तिच्या आत्म्याला बरं वाटेल." ती कॉलेजातून येऊन, सगळं आवरून, मातीचे हात करत बसायची.

तर आता सकाळचं उत्तर सांगते.

काकांचं ते तीन दिवसांचं बोलणं झालं, मंडळातल्या बायका माना डोलवत होत्या, आणि स्वयंपाकघराच्या दारातून नित्या म्हणाली, "मी करते आजोबा. थोडंच राहिलंय." चेहरा पांढराफटक. काका खूश. "बघ! आईची लेक शोभतेस."

"बेडा!" मी ओरडले. कानडीतच आलं तोंडातून. काकांची कॉफी धोतरावर सांडली. म्हटलं, "काका, हिनकलचे त्यांचं बघतील. या घरात आक्काचं वर्ष धरलं जाणार. पुरतं. गोंबे नाहीत, हळदीकुंकू नाही, मंडळाचे कपडे नाहीत, कुणाच्या बारशाची झालर नाही. विचारायलाही कुणी येऊ नका."

"असं कुठे शास्त्रात नाही," काका.

"रात्रभर जागून स्कूटर चालवावी, असं आहे का शास्त्रात?"

"लोक काय म्हणतील? लेकीचं वर्ष माहेर धरतं का कधी?"

मला वाटलं, आता आई मध्ये पडणार आणि काकांची बाजू घेणार. ती तर तू गेल्यापासून बोलतच नव्हती. खुर्चीतून तिने काकांकडे बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, मला तीन दिवस पुरले नाहीत."

एवढंच. काका उठले, चपला घातल्या आणि गेले. बायकाही गेल्या. जाताना एक जण कुजबुजली, आक्का असती तर असं झालं नसतं. बरोबर आहे. आक्का असती तर तिने पायऱ्या मांडल्या असत्या.

नित्याला मी आतल्या खोलीत नेऊन आडवं केलं. म्हणाली, नाचाचा क्लास आहे. म्हटलं, नाही. म्हणाली, बाबांचा डबा. म्हटलं, तुझ्या बाबांना हात आहेत. तेवढं ऐकून हसली आणि हसता हसताच झोपली. बाहेर लख्ख ऊन आहे, भाजीवाला ओरडतो आहे, आणि पोरगी घोरते आहे. तुला ठाऊक होतं का ती घोरते?

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. तुझी आठवण आली की आधी राग येतो आणि त्याच्या मागोमाग रडू येतं, आणि दोन्हीत कामाचा खोळंबा होतो. पण एक वचन देते. तुझं वर्ष मी धरणार. या वर्षात मी झोपणार, माझं पुस्तक पुरं करणार, आईच्या व्यायामाला पैसे देऊन बाई ठेवणार. दारात येऊन जो कोणी म्हणेल, "आक्का असती तर केलं असतं," त्याला दारातच सांगणार: आक्काने केलं, म्हणून ती नाही.

आणि नित्याला मी नाही म्हणायला शिकवणार आहे. सुरुवात तिने माझ्यापासून केली तरी चालेल.

तुझी,
मंजू